बातमी शेजारी नको, डॉक्टरांना मात्र लगेच

प्रश्न: मी २७ वर्षांची, डिचोली तालुक्यात सासरी राहते आणि पणजीत एका खासगी ऑफिसात काम करते. रोज स्कूटरने जाते. शेवटची पाळी ५ जुलैला आली. माझी पाळी नेहमीच ३३-३४ दिवसांनी येते. ९ ऑगस्टला संध्याकाळी घरी किट वापरून पाहिले, दुसरी रेघ आली पण अगदी फिकट. दोन दिवसांनी कपड्याला एकदाच तपकिरी डाग लागला, नंतर काही नाही. आता सकाळी मळमळू लागले आहे. सासूबाई म्हणतात, तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचे नाही, आरोग्य केंद्रातही आताच जायचे नाही, तिथे गावातले सगळे भेटतात. स्कूटर बंद, पपई-अननस बंद. श्रावण असल्यामुळे घरात नुस्ते (मासे) नाही आणि पुढे हरतालिकेचा उपवास आहे. नेमके काय करू, काय टाळू?
— एक वाचक, १६ ऑगस्ट

उत्तर: आधी अभिनंदन. सदर छापून यायला वेळ लागतो आणि एक गोष्ट थांबण्यासारखी नव्हती, म्हणून फॉलिक अॅसिडची गोळी त्याच दिवशी सुरू करा, एवढे तुम्हाला पत्र मिळताच कळवले होते. बाकीचे सविस्तर इथे.

तीन महिने बातमी घरातच ठेवण्यामागे सासूबाईंची काळजी आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत काही गर्भ टिकत नाहीत, आणि मग भेटेल त्याला तेच सांगत बसणे बाईच्या जिवावर येते. त्यामुळे शेजारी, नातेवाईक, ऑफिस यांना इतक्यात सांगू नका, हरकत नाही. पण या यादीत डॉक्टरांना बसवू नका. बाळाचा मेंदू, मणका, हृदय, हात-पाय यांची घडण याच बारा आठवड्यांत होते. चौथ्या महिन्यात पहिल्यांदा तपासणीला गेलेल्या बाईला औषधांची, रक्ताची, थायरॉइडची जी माहिती मिळते ती खरे तर तिला आठ आठवडे आधी हवी असते. ओळखीचे भेटण्याचीच अडचण असेल तर गावचे केंद्र सोडून साखळीला किंवा म्हापशाला जा, नाहीतर पणजीत ऑफिसजवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पण जा.

आता तारखांचा हिशेब. गरोदरपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पत्र लिहिले त्या दिवशी तुमचे सहा आठवडे भरले. पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजी तारीख मिळते: १२ एप्रिल. पण हा हिशेब २८ दिवसांच्या पाळीचा आहे. तुमची पाळी सहा दिवस उशिरा येते, म्हणजे बीजही साधारण तेवढेच उशिरा सुटले असणार. म्हणून सोनोग्राफीत गर्भ तुमच्या मोजणीपेक्षा सहा दिवसांनी लहान दिसला आणि तारीख १८ एप्रिलच्या आसपास दिली, तर बाळाची वाढ खुंटली असे समजू नका. पहिल्याच भेटीत 'माझी पाळी ३४ दिवसांची आहे' हे आपणहून सांगा. हे न सांगितल्यामुळे 'ठोके अजून दिसत नाहीत' असे ऐकून दोन-दोन आठवडे रडत काढणाऱ्या बायका कमी नाहीत. पाचव्या आठवड्यात फक्त गर्भाची पिशवी दिसते. ठोके योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत सहाव्या-सातव्या आठवड्यात दिसू लागतात. दुखत नसेल, रक्त जात नसेल, तर पहिल्या सोनोग्राफीसाठी सात आठवडे भरू द्या.

किटवरची फिकट रेघ ही रेघच. गर्भ रुजल्यावर शरीरात एचसीजी नावाचे संप्रेरक तयार होते आणि सुरुवातीला ते दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जाते. तुम्ही पाळी चुकताच, तेही संध्याकाळी, दिवसभर पाणी पिऊन झाल्यावर तपासले. लघवी पातळ, म्हणून रेघ पुसट. सकाळच्या पहिल्या लघवीचे तीन थेंब त्या खळग्यात टाका, पाच मिनिटांनी वाचा. दहा मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरू नका. पट्टी सुकताना करडी रेघ येते, तिला अर्थ नसतो. शंका राहिली तर ४८ तासांनी परत एकदा करा. त्यानंतर रोज रोज किट आणून रेघ किती गडद झाली ते पाहू नका, त्यातून गर्भाची तब्येत कळत नाही.

फॉलिक अॅसिडचा डोस रोज ४०० मायक्रोग्रॅम, बारा आठवडे पुरे होईपर्यंत. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मणका तयार होतो ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. फॉलिक अॅसिड कमी पडले तर ती मिटताना फट राहू शकते. म्हणून खरे तर ही गोळी दिवस जाण्याच्या निदान एक महिना आधी सुरू करायची असते. मूल हवे असे ठरवलेल्या वाचकांनी आजच सुरू करावी, किटची वाट पाहू नये. तुमच्या बाबतीत उशिराच्या पाळीने हातात थोडे दिवस शिल्लक ठेवले होते, म्हणून आम्ही घाई केली. फार्मसीत पुष्कळदा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात देतात. मधुमेह, फिटची औषधे, किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष, अशा बायकांना हा मोठा डोस लागतो. तुम्ही यांपैकी नसाल तर ४०० मायक्रोग्रॅमचीच मागा. चुकून चार दिवस मोठी घेतली तर घाबरू नका, डॉक्टरांना सांगून बदला. लोहाची गोळी मात्र आताच नको. ती बारा आठवड्यांनंतर सुरू होते. आता घेतली तर मळमळ वाढते आणि पोट साफ होत नाही. हिमोग्लोबिन फारच कमी निघाले तर डॉक्टर वेगळे ठरवतील.

आता तो तपकिरी डाग. तपकिरी म्हणजे जुने रक्त, आणि एकदाच लागून थांबलेला डाग बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पहिल्या तीन महिन्यांत चारांतल्या एका बाईला थोडेफार रक्त दिसते आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचे बाळंतपण पुढे सुरळीत होते. तरी पहिल्या भेटीत तारखेसह सांगा. न सांगता फार्मसीतून 'गर्भ टिकण्याची' प्रोजेस्टेरॉनची गोळी आणू नका. ते औषध काही ठरावीक बायकांनाच उपयोगी पडते आणि ते कुणाला द्यायचे हे तपासूनच ठरते. अंथरुणावर पडून राहिल्याने गर्भ टिकतो असाही पुरावा नाही.

पण पुढील गोष्टींसाठी घरात चर्चा करत बसू नका: तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, रक्ताच्या गाठी, ओटीपोटात एकाच बाजूला जोराची कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणे, घेरी येऊन पडणे. एका बाजूची कळ आणि खांदेदुखी ऐकायला विचित्र वाटते, पण गर्भ गर्भाशयाऐवजी त्याला जोडलेल्या नळीत रुजला आणि नळी फुटली की पोटात साचलेले रक्त छाती-पोटामधल्या पडद्याला लागते आणि दुखते ते खांद्यात. बाहेर रक्त थेंबभरच दिसते, म्हणून घरचे 'थोडेच तर गेले' म्हणून थांबतात आणि तिथेच घात होतो. अशा वेळी १०८ ला फोन करून म्हापशाचे जिल्हा इस्पितळ, ज्याला अजून सगळे आझिलोच म्हणतात, किंवा बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा. नवऱ्याच्या मागे दुचाकीवर बसून जाऊ नका. तुमचे वय, पाळीची तारीख आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये ठेवा आणि ती कुठे आहे हे नवऱ्याला दाखवून ठेवा.

मळमळ सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, आठ ते दहा आठवड्यांत सर्वांत जास्त असते आणि बहुतेकींची चौदा ते सोळा आठवड्यांपर्यंत ओसरते. तिला सर्वांत जास्त चिथावते ते रिकामे पोट. रात्रीच उशाशी सुके कांकण (कडक गोल पाव) किंवा टोस्ट ठेवा. सकाळी डोळे उघडले की पडल्या पडल्याच दोन-तीन तुकडे चावून खा, पंधरा मिनिटे तशाच पडून राहा, मग उठा. दात घासताना उमासे येतात त्यांनी घासणे तासभर पुढे ढकलावे, नुसती चूळ भरावी. दिवसभर दोन-दोन तासांनी थोडे थोडे खायचे. जेवताना पाणी कमी, दोन खाण्यांच्या मध्ये घोट घोट. उकड्या तांदळाची पेज यासाठी उत्तम: कोमट, मीठ घातलेली, सोबत हवे तर लोणच्याची फोड. पाणी, मीठ आणि पोटाला आधार तिन्ही एकत्र मिळतात. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून गार किंवा कोमट खा. आल्याचा तुकडा चघळणे किंवा आल्याचा चहा काही जणींना मानवतो. सोलकढी चालते, मात्र छातीत जळजळत असेल तर आंबट कमी करा.

एवढे करूनही दिवस जड जात असेल तर सोसत बसू नका. डॉक्सिलामाइन आणि जीवनसत्त्व ब-६, दोन्ही १०-१० मिलिग्रॅम असलेली गोळी गरोदरपणात सुरक्षित मानली जाते. डॉक्टर बहुधा ती रात्री झोपताना द्यायला सुरुवात करतात. हळूहळू विरघळणाऱ्या या गोळीचा परिणाम सकाळी दिसतो, म्हणून सकाळी उलटी झाल्यावर घेतली तर उपयोग कमी. तिने झोप येते. पहिले काही दिवस दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर चालवू नका. चोवीस तास पाण्याचा घोटही टिकत नसेल, आठ तासांत लघवी झाली नसेल किंवा अगदी गडद झाली असेल, किंवा वजन पाच टक्क्यांहून जास्त घटले असेल, म्हणजे ५० किलोच्या बाईचे अडीच किलो, तर ती साधी मळमळ नव्हे. सलाइन लागते.

म्हणूनच हरतालिकेचा उपवास यंदा करू नका, निर्जळी तर मुळीच नको. पोट रिकामे ठेवले की सकाळी अकरापर्यंत तुम्ही उलट्यांनी आडव्या व्हाल. देवाला पूजा पोचते, उपवास पुढल्या वर्षी करता येतो. घरात वाद नको असेल तर फळे, दूध, शहाळे, साबुदाण्याची खीर असे दर दोन तासांनी घेत राहा आणि त्यालाच उपवास म्हणा. चवथीच्या कामांत एक गोष्ट मात्र ठामपणे दुसऱ्याकडे द्या: माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची चौकट, बांधायला स्टुलावर चढणे. या आठवड्यांत रक्तदाब थोडा उतरतो, हात वर करून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. नेवऱ्या तळण्याचा वासही सोसवणार नाही. लाटण्याचे, कातण्याचे काम बाहेरच्या खोलीत बसून करा.

महिनाभर मासे न खाल्ल्याने बाळाचे काही अडत नाही, फक्त भाजी-भातावर भागवू नका. मुगागाठी, अळसांद्यांचे तोंडाक, दही, दूध, नाचणीचे तिझण, यांतले काही ना काही रोज दोन्ही वेळच्या जेवणात हवे. गणपती गेल्यावर नुस्ते सुरू करा आणि आठवड्यातून दोन-तीनदा खा. बांगडे, तारले, मुडदुशी, सुंगटे ही उत्तम. मोरी (शार्क) टाळा. मोठे शिकारी मासे लहान मासे खातात आणि पारा त्यांच्या मांसात साठत जातो, तो बाळाच्या मेंदूला घातक. इसवणाची (सुरमईची) तुकडी कधीतरी चालेल, रोज नको. तिसऱ्या, शिनाणे हे शिंपले ताजेच घ्या आणि पूर्ण उकळून खा. उकळूनही जी उघडली नाही ती फेकून द्या. पावसात खाडीचे पाणी गढूळ असते आणि शिंपले तेच गाळून पोटात घेतात. अंडे घट्ट शिजलेले, दूध तापवलेले.

पिकलेल्या पपईच्या फोडीने किंवा अननसाच्या चकतीने गर्भ पडत नाही. कच्च्या, चीक असलेल्या पपईचे म्हणाल तर ती टाळा, एवढेच. सासूबाई अस्वस्थ होत असतील तर तीन महिने पपई नाही खाल्ली म्हणून काही बिघडत नाही; त्या वादात शक्ती घालवू नका. वाद घालायचाच असेल तर दारूवर घाला. पावसाळ्यात सर्दीला चमचाभर फेणी, असा सल्ला देणारे घरोघरी आहेत. गरोदरपणात दारूचा सुरक्षित डोस ठरलेला नाही. चमचाभरही नको, पोटावर चोळायलाही काही कारण नाही.

स्कूटरच्या हादऱ्याने गर्भ सुटतो हे खरे नाही. बारा आठवड्यांपर्यंत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत सुरक्षित असते. धोका हादऱ्याचा नाही, पडण्याचा आहे, आणि ऑगस्टमध्ये डिचोलीहून पणजीचा निसरडा, खड्ड्यांचा रस्ता, त्यात घेरी आणि झोप, हे जमणारे नाही. आम्ही तुमच्या जागी असतो तर ऑक्टोबरपर्यंत कदंब बस धरली असती: पुढच्या बाजूची खिडकी, हातात कांकण, पिशवीत एक रिकामी प्लास्टिकची थैली.

पावसाळ्यात ताप आला तर आधी गरोदर राहिलेल्या बहिणीने काय घेतले ते विचारू नका. डेंगी, मलेरिया, लेप्टो तिन्ही या दिवसांत असतात, आणि १००.४ च्या वर ताप म्हणजे त्याच दिवशी रक्ततपासणी. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेता येते, गरज पडल्यास सहा तासांनी परत. आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लामसारख्या गोळ्या नकोत. डेंगीत त्यांनी रक्तस्राव वाढतो आणि गरोदरपणातही त्या टाळायच्या असतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असाल तर आजच बंद करून डॉक्टरांना कळवा, त्यांनी बाळात गंभीर दोष येतात. उलट थायरॉइड, फिट, दमा, रक्तदाब यांची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नका. काढे आणि 'गर्भसंस्काराची' चूर्णे, ज्यांच्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत ती, बाजूला ठेवा. दिवसाही पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कारण डेंगीचा डास दिवसा चावतो.

थकवा, स्तन दुखणे, वारंवार लघवी, तोंडाला धातूची चव, दोन्ही बाजूंना ओढल्यासारखे वाटणे, पांढरे पाणी जाणे: हे सगळे नेहमीचे. लघवीला जळजळ किंवा पांढऱ्या पाण्याला वास-खाज असेल तर मात्र दाखवा, लघवीचा जंतुसंसर्ग या काळात सहज वर सरकतो. एखाद्या दिवशी मळमळ नाहीशी झाली म्हणून गर्भ गेला असे नव्हे, ती येते-जाते.

पहिल्या भेटीत रक्तदाब, वजन, आणि रक्ताची ही यादी: हिमोग्लोबिन (११ च्या खाली म्हणजे अॅनिमिया), रक्तगट आणि आरएच, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ ब, सिफिलिस, आणि लघवी. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा वर आले तर पुढचा विचार. मळमळ असताना ते गोड पाणी पाच-दहा मिनिटांत हळूहळू प्या. अर्ध्या तासाच्या आत उलटून पडले तर तपासणी दुसऱ्या दिवशी परत करावी लागते, म्हणून ती सकाळची मळमळ शमल्यावर ठेवा. तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आला तर नवऱ्याचाही तपासा आणि तो तपकिरी डाग डॉक्टरांना पुन्हा आठवण करून सांगा, कारण अशा बाईला रक्त गेले तर काही प्रसंगी अँटी-डी इंजेक्शन त्यानंतर ७२ तासांत द्यावे लागते. सरकारी केंद्रात नोंदणी बारा आठवड्यांच्या आत करा. माता-बाल संरक्षण कार्ड मिळते, धनुर्वाताच्या लसी आणि पुढच्या गोळ्या तिथूनच मिळतात, आणि खासगीत दाखवत असलात तरी हे कार्ड हाती असणे कामाचे. आधार कार्ड सोबत न्या. सोनोग्राफीलाही ओळखपत्र मागतात आणि अर्ज भरून घेतात. मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे, घरात कुणी सुचवले तर तिथेच थांबवा.

दुसरी सोनोग्राफी, ज्यात बाळाच्या मानेमागचे पाणी मोजतात, ११ ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्याच काळात करता येते. तुमच्या दोन्ही हिशेबांत बसणारे दिवस २६ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. चवथीच्या दिवसांत बरेच दवाखाने बंद असतात, नंतर एकदम गर्दी होते. तारीख आताच घेऊन ठेवा.

सासूबाईंना हे सगळे पटवायला बसू नका, पहिल्या भेटीला सोबत घेऊन जा. पाच मिनिटे डॉक्टरांनी त्यांच्याशीच बोलावे, असे आधी सांगून ठेवा. शंभरात दहा ते वीस गर्भ पहिल्या महिन्यांत टिकत नाहीत, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा गुणसूत्रांतला दोष असतो. बाईने काय खाल्ले, किती जिने चढली, याच्याशी त्याचा संबंध नसतो. हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले बरे, कारण काही वाईट घडलेच तर दोष तुमच्यावर येऊ नये. ऑफिसला मात्र बारा आठवड्यांनंतर सांगा, घाई नाही. बाळंतपणाच्या अंदाजी तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असेल तर कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यांतली आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, आणि गर्भपात झाला तर सहा आठवडे. रजेचा अर्ज लेखी द्या आणि पोच घेतलेली प्रत घरी ठेवा.